पाठ: बांधावरची रानभाजी, बांधावरची चूल

सख्यांनो,

पहिला पाऊस पडला की बांध हिरवे होतात आणि लावणीही सुरू होते. दिवसभर चिखलात उभं राहायचं, दुपारी कोरडी भाकरी आणि ठेचा. भाजी मात्र पायाशीच उगवलेली असते. ती ओळखून, खुडून, तिथेच कशी शिजवायची, हा या महिन्याचा पाठ. आपल्यातले काही गट गडावर येणाऱ्या पाहुण्यांना रानजेवण देतात, त्यांनीही तो नीट वाचावा. पाहुणा आपल्या भरवशावर जेवत असतो.

१. आधी ओळख, मग खुडणी

टाकळा सगळ्यांना माहीत आहे. तरी एकदा पानं मोजा. टाकळ्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोलसर असतात आणि संध्याकाळी पानं मिटतात. त्याच्यासारखाच दिसणारा रानटाकळा, म्हणजे कासविंदा. त्याच्या जोड्या जास्त, पानं टोकदार आणि वास उग्र. हा टोपलीत नको. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती. त्यामागे याच कासविंद्याच्या शेंगा-बिया असल्याचं डॉक्टरांना आढळलं. बांधावर खेळणाऱ्या पोरांनाही हे झाड दाखवून ठेवा.

दुसरी कळलावी. फूल आलं की लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी ओळखू येते. फूल नसेल तर पानाचं टोक बघा, ते तारेसारखं वळलेलं असतं. तिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो. तो खाल्ला तर जीव जातो. म्हणून ज्या वेलीची पूर्ण ओळख नाही, तिचा कंद उकरायचाच नाही.

अळंबीच्या बाबतीत तर लसूण काळा पडतो का, चांदी काळी पडते का, असल्या परीक्षांवर विसंबू नका. विषारी अळंबी या परीक्षांतून सुटते.

आपला नियम सोपा ठेवू: तिघींनी ओळखली तरच टोपलीत. एकीला जरी शंका आली तरी ती भाजी टाकून द्यायची.

२. कुठली खुडायची नाही

तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी घेऊ नका. फवारणीनंतर एक-दोन दिवस पानं हिरवीच दिसतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. शेतमालकिणीला विचारा. डांबरी रस्त्याच्या कडेची आणि गटाराजवळचीही नको. फोडशी मुळासकट उपटू नका, पानं कापून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीही येईल. कुर्डूची काही झाडं बी धरायला राखा.

३. सोबत काय न्यायचं

पाच जणींना एवढं पुरे:
- स्टीलचं एक पातेलं आणि त्यावर बसणारी ताटली. तीच झाकण, तीच परात.
- एक पळी, एक छोटी सुरी, एक सुती फडकं.
- तेलाची छोटी बाटली, मीठ, मिरच्या, लसूण, दोन कांदे.
- सकाळी भिजवून निथळलेली अर्धी वाटी मूगडाळ. भिजलेली डाळ लवकर शिजते, सरपण वाचतं.
- काडेपेटी आणि घरच्या सुक्या काटक्यांची मोळी, दोन्ही प्लॅस्टिकमध्ये बांधून.
- पिण्याचं पाणी घरून. खाचरातलं पाणी भाजी धुवायलासुद्धा वापरू नका.

४. चूल आणि भाजी

तीन दगड कोरड्या जागचे घ्या. ओढ्यातले ओले दगड तापले की फुटतात आणि तुकडे उडतात. चूल वाऱ्याला पाठ करून मांडा. राखीव जंगलात परवानगीशिवाय विस्तव पेटवू नका, १९२७ च्या वन कायद्यानं तो गुन्हा आहे. बांधावरची चूलसुद्धा निघताना पाणी ओतून, राख चाचपून विझवा.

टाकळ्याची कोवळी पानं धुऊन चिरा. तेलात लसूण, मिरची, कांदा परता. डाळ घाला, वर पाला घाला. ताटली झाकून तिच्यात पाणी ठेवा. खाली वाफ धरते, भाजी लागत नाही, आणि डाळीला पाणी कमी पडलं तर तेच गरम पाणी आत घालता येतं. मीठ शेवटी घाला, कारण पाला शिजून बसतो आणि आधीचा अंदाज चुकतो. डाळ बोटानं दबली की उतरवा.

५. घरीच करायच्या भाज्या

शेवळं बांधावर करू नका. नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो. त्यांना काकडं किंवा चिंच लागते आणि वेळही लागतो. कडू कंद तर काप करून, उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही. घाईच्या चुलीचं हे काम नव्हे.

६. काही झालंच तर

उलट्या, जुलाब, गरगरणं, बडबड सुरू झाली तर वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेली भाजी, तिचा पाला-कंद पिशवीत घालून दवाखान्यात न्या. काय खाल्लं ते डॉक्टरांना कळलं तर उपचार लवकर ठरतो.

बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीनं एक रानभाजी आणावी आणि तिच्या ओळखीच्या तीन खुणा सांगाव्यात. ज्येष्ठ बायकांना आधी बोलू द्या. त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच वहीत नाही.
२. आपल्या शिवारात कोणत्या बांधांवर फवारणी झाली, याची यादी करा.
३. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो. तिथे कोणती भाजी न्यायची, ती कोण ओळखणार, कोण शिजवणार, हे ठरवून इतिवृत्तात लिहा.