कानातल्या आवाजाचा माग कुठपर्यंत काढावा?

कानात सारखी सूंऽऽ चालू झाली की माणसाला पहिला प्रश्न पडतो, हे कशामुळे? मी स्वतः हा आवाज घेऊन राहतो, त्यामुळे त्या प्रश्नामागची धास्ती मला चांगली ठाऊक आहे. पण परभणी, सेलू, गंगाखेडकडे त्याचं उत्तर ज्या वाटेने शोधलं जातं ती वाट मला घातक वाटते. आधी कानात कोमट तेल, मग मेडिकलवरून आणलेले थेंब, मग नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठून थेट एमआरआय. त्यात काही निघालं नाही की दुसरा डॉक्टर आणि पुन्हा तपासण्या. मधली स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजणं, राहूनच जाते. माझं म्हणणं असं की काही मोजकी कारणं तातडीने शोधलीच पाहिजेत, आणि ती नाहीत हे कळल्यावर शोध थांबवून त्रास कमी करण्याच्या मागे लागलं पाहिजे.

आवाज आला म्हणजे कानात काहीतरी बिघडलंच, असं नसतं. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज नोंदवला. तो शरीराचा, नसांचा आणि मेंदूचा स्वतःचा आवाज. एरवी बाहेरच्या गोंगाटात तो बुडालेला असतो. मे महिन्यात रात्री लाईट जाते, पंखा थांबतो आणि कानातला आवाज एकदम वाढल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हेच. आवाज तेवढाच असतो, त्यावरचं पांघरूण निघालेलं असतं. अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशी वयाने, गोंगाटाने किंवा औषधाने मेल्या की मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात. ती तूट भरून काढायला मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो आणि नसांमधली खळबळच आवाज म्हणून जाणवू लागते, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. म्हणून कान आरशासारखा स्वच्छ दिसत असूनही आवाज येऊ शकतो. ‘कानात तर काहीच नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य खरं असतं, पण त्याचा अर्थ तक्रार खोटी आहे असा होत नाही.

मग तातडीने शोधायचं काय? डाव्या हाताच्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवावीत, नाडी धरावी आणि कानातला आवाज ऐकावा. तो नाडीच्या ठोक्याबरोबर चालत असेल तर ती गोष्ट वेगळी आहे. त्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, रक्तदाब किंवा कानाजवळच्या रक्तवाहिनीतला दोष असू शकतो. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. त्यामुळे ठोक्याचा आवाज ऐकणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन आधी बघावं. दुसरी खूण म्हणजे आवाज एकाच कानात असणं आणि त्या कानाने ऐकूही कमी येणं. इथे एमआरआयला खरा अर्थ आहे, कारण श्रवणाच्या नसेवर गाठ असू शकते. तिसरी खूण सगळ्यांत घाईची. एक कान अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, बधिर झाला तर ‘मळ असेल, बघू’ म्हणून आठवडा घालवू नये. त्यावरच्या स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. चौथी खूण आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. कान दुखतो, आत काही सापडत नाही आणि माणूस तंबाखू किंवा गुटखा खातो. जिभेचं मूळ, घसा, दाढा आणि जबड्याचा सांधा यांच्या नसा कानाच्या नसांशी जोडलेल्या असतात, म्हणून तिथलं दुखणं कानात जाणवतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या मिळतातच. अशा माणसाने आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघावं, आणि कानाआधी तोंड व घसा तपासून घ्यावा.

यातलं काही नसेल तर ऑडिओमेट्री करावी. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, आणि २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचा आलेख कागदावर उतरतो. गोंगाटाने खराब झालेल्या कानाचा आलेख बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खाली घसरलेला दिसतो. सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये, मळणी यंत्रावर किंवा वरातीच्या डीजेमागे वर्षं काढलेल्या माणसाला त्या खड्ड्यात आपलं कारण सापडू शकतं. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. सोबत औषधांची यादीही न्यावी. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन यांची इंजेक्शनं, मोठ्या मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, काही कर्करोगाची औषधं कानावर परिणाम करतात. मात्र डॉक्टरांना न विचारता चालू औषध बंद करू नये. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते का, ते आधी विचारावं. नसेल तर नांदेडचं विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय रेल्वेने फार लांब नाही.

‘थोडं तेल घातलं तर बिघडतं काय?’ असं मला नेहमी विचारतात. पडद्याला भोक असेल तर बिघडतं. ओलसर कानात बुरशी वाढते, आणि काडी-पिनेने मळ आणखी आत ढकलला जातो. मळ हे आवाजाचं एक खरं आणि सोपं कारण आहे, पण तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. ‘सगळ्यांचाच एमआरआय केला तर निदान शंका तरी फिटेल’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण दोन्ही कानांत सारखा, ठोक्याशिवायचा आवाज असेल आणि ऐकण्यात फरक नसेल, तर अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वंही अशी चित्रं काढू नका असंच सांगतात. त्याच तत्त्वांनी गिंको, झिंक अशा गोळ्यांचीही शिफारस केलेली नाही. एमआरआयमध्ये निघालेल्या किरकोळ, असंबद्ध गोष्टींनी शंका फिटण्याऐवजी वाढते, हे मी आजूबाजूला वारंवार पाहतो.

‘आता सवय करून घ्या’ एवढं सांगून माणसाला परत पाठवणं मात्र मला मान्य नाही. सवय आपोआप होत नाही, ती लावावी लागते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि आतला पुष्कळांचा मागे पडतो. रात्री पूर्ण शांतता टाळावी. हळू रेडिओ, पंखा, मोबाइलवरचा पावसाचा आवाज काहीही चालेल, फक्त तो कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमी असावा. झोप उडाली, मन खचलं, तर विचार आणि भीती यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराचा या त्रासावर उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. त्याचा अर्थ आवाज मनाचा खेळ आहे असा नव्हे. जिल्ह्यात समुपदेशक सापडत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटू लागलं असेल तर ऑडिओमेट्रीच्या आधी हा फोन करावा.