मेडिकल स्कूलसाठी इंग्रजी किती लागते?

प्रश्न : हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीचे) इंग्लिश झाले असेल, तर अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलसाठी कॉलेजात पुन्हा इंग्रजी घ्यावे लागते का?

उत्तर : सगळ्या मेडिकल स्कूलना लागू असा एकच नियम नाही. पुष्कळ ठिकाणी इंग्रजी किंवा लेखनप्रधान विषयाची दोन सेमिस्टर मागतात, काही ठिकाणी नुसती शिफारस असते. खरी अडचण एपीची. काही संस्था एपीचे क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर नोंदलेले असेल तरच धरतात. काही त्याच्या जोडीला वरच्या पातळीचा कोर्स मागतात, तर काही मुळीच धरत नाहीत. म्हणून जिथे अर्ज करायचा त्या प्रत्येक संस्थेची अट वेगळी तपासावी लागते. इतिहास किंवा तत्त्वज्ञानाचा, भरपूर निबंध लिहून घेणारा कोर्सही अनेकदा चालतो. मात्र तसा होकार प्रवेश कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घेऊन ठेवावा.

एपी चालत असले तरी कॉलेजात लेखनाचा एक कोर्स घ्यावाच. एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या कार्स (वाचन-आकलन) विभागात 90 मिनिटांत 53 प्रश्न सोडवायचे असतात, सगळे उताऱ्यांवरचे; पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही. शिवाय ॲमकॅस या सामायिक प्रवेशव्यवस्थेच्या अर्जात डॉक्टर का व्हायचे, हे 5,300 कॅरॅक्टरांत, मोकळ्या जागाही धरून, सांगावे लागते.