खदानीचा खड्डा कशाने भरायचा?

प्रश्न : विठ्ठलवाडीहून शिळफाट्याकडे जाताना डोंगराची कड दरवर्षी मागे सरकलेली दिसते. खदान वाढवायला परवानगी कोण देतं? आणि दगड संपला की सरकार तो खड्डा बुजवतं का?
– एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. खड्डा बुजवत नाहीत, आणि मनात आणलं तरी बुजवणार कशाने? 1 हेक्टरची खदान 10 मीटर खोल गेली की 1 लाख घनमीटर दगड निघतो. ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्या हिशेबाने हा 35 हजार ब्रासच्या वर अखंड पाषाण झाला. फोडल्यावर तो फुगतो, म्हणून हायवा-डंपर मोजणाऱ्याचा आकडा आणखी मोठा. हा सगळा माल स्लॅबमध्ये, रस्त्यांत आणि रुळांखाली गेला. मागे उरते क्रशरची थोडी डस्ट आणि वरची माती, तीही जपून ठेवली असेल तर.

आता परवानगी. दगड, मुरूम, खडी ही गौण खनिजं. जमीन खासगी असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 प्रमाणे खनिजावर हक्क शासनाचा.  त्यामुळे शासनाच्या वतीने जिल्हाधिकारी खाणपट्टा देतात, खणणारा ब्रासमागे रॉयल्टी भरतो. विनापरवाना खणलं तर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड. पूर्वी 5 हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या पट्ट्यांचे तुकडे पाडायची युक्ती चाले. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात ती पळवाट बंद केली. म्हणजे छोट्या पट्ट्यालाही आता मंजुरीचे कागद असतात, आणि कड मागे सरकते ती कागदावरच्या हद्दीत आहे का, हे तपासता येतं.

जानेवारी 2020 मध्ये याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत-चारा उगवेल अशी ती करून द्यायची, ही अट पट्ट्यातच घाला. अट चांगली आहे. पण गवताला माती लागते, आणि आपल्या बेसाल्टच्या डोंगरावर ती फार नसते. खदानीची उभी कड नीट पाहा : वर तांबूस मातीचा पातळ थर, मग हाताने भुगा होणारा मुरूम, आणि खाली पोकलेनच्या ब्रेकरलाही दाद न देणारा काळा पाषाण. पहिल्या सुरुंगाआधी तो वरचा थर काढून बाजूला रचला नाही, तर पुढे सगळी अट कागदावरच. कॅनडात व्हिक्टोरियाजवळ जेनी बुचार्ट यांनी पतीच्या चुनखडीच्या खाणीत बाग फुलवली, ती 1921 मध्ये पुरी झाली. त्यासाठी आसपासच्या शेतांतली माती घोडागाड्यांनी आणावी लागली. आपला पट्टेदार एवढा सोस करेल असं मला वाटत नाही.

त्यातही माझ्या मते झाडांपेक्षा उतार आधी. इथल्या पावसात खड्डा एका मोसमात तुडुंब भरतो, काठ मात्र भिंतीसारखा उभा. एक पाऊल चुकलं की थेट खोल पाणी, वर यायला धर नाही. डोंबिवलीजवळच्या संदप गावात मे 2022 मध्ये खदानीच्या पाण्यावर कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. नळाला पाणी नसलेल्या वस्तीला खदान म्हणजे तळंच वाटणार. नुसती पाटी लावून कोण थांबतंय! त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांनी खणणं, काठ उतरता करणं, निदान एका बाजूने चढून येण्याजोगी वाट ठेवणं, हे काम खणतानाच व्हायला हवं. पट्टा संपून मशीन हलली की त्याला वाली नसतो.

आणि बांधकामाचा राडारोडा किंवा शहराचा कचरा टाकून खड्डा ‘भरून’ देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. भेगाळ पाषाणातून त्या भरावातलं पाणी आसपासच्या विहिरींत उतरू शकतं.

पर्यावरण मंजुरी मिळालेल्याला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. माहिती अधिकारात त्याची प्रत मागा, आणि वरची माती कुठे रचून ठेवली आहे ते आधी वाचा.