साठ बायका कशा निवडल्या?

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचे प्रकल्प अहवाल मी मार्गदर्शक म्हणून वाचते आणि बाहेरची परीक्षक म्हणूनही वाचते. २०२३-२४पासून राज्यातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी रचना आली. तिच्यात तिसऱ्या सत्राला ४ आणि चौथ्या सत्राला ६ श्रेयांक संशोधन प्रकल्पासाठी आहेत. तेव्हापासून अहवालांचे गठ्ठे वाढले. त्यातला एक अहवाल माझ्या मनातून जात नाही.

विषय होता महिला बचत गट. तीन गावं, साठ महिला. पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं होतं, 'साध्या यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडला.' मौखिक परीक्षेत मी विचारलं, "निवड कोणत्या यादीतून केलीस?" मुलगी गप्प झाली. जरा धीर दिल्यावर खरं काय घडलं ते सांगू लागली. पहिल्या गावात ग्रामसंघाच्या अध्यक्षबाईंनी आपल्याच गटाच्या बैठकीत तिला नेऊन बसवलं. दुसऱ्या गावात सोयाबीनची काढणी चालू होती, त्यामुळे दिवे लागल्यावर ज्या घरी सापडल्या त्यांना तिने प्रश्न विचारले. तिसऱ्या गावात मावशीने ओळखी करून दिल्या. साठही प्रश्नावल्या तिने स्वतः समोर बसून भरल्या होत्या. त्या तिने पिशवीतून काढून दाखवल्या, तेव्हा समासात पेनाने केलेल्या नोंदी दिसल्या. काही बायकांनी गटाचं कर्ज काढून खासगी मायक्रोफायनान्सचे हप्ते फेडले होते. अहवालात याचा एक शब्द नव्हता, कारण प्रश्नावलीत तसा रकानाच नव्हता. आणि 'यादृच्छिक'चं वाक्य आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी अहवालातून जसंच्या तसं आलं होतं.

तिचे मार्क कमी झाले. इतकं कष्टाचं, प्रामाणिक काम, आणि त्यावर एक उसनं, खोटं वाक्य. तिला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर हे टळलं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

संशोधन पद्धतीचं प्रकरण सगळ्यात आधी लिहा, आणि तेही गावात फिरत असतानाच. रोज संध्याकाळी वहीत टिपा: कुठलं गाव, कोण भेटलं, कुणी नकार दिला, कुठला प्रश्न बायकांना कळलाच नाही. नंतर अहवालात जसं घडलं तसंच लिहा. सोयीनुसार नमुना घेतला असेल तर 'सोयीस्कर नमुना' असं म्हणा, आणि या निष्कर्षांवरून अख्ख्या तालुक्याबद्दल बोलता येणार नाही, हेही मर्यादांमध्ये सांगा. त्यासाठी कुठलाही समंजस परीक्षक मार्क कापत नाही. यादृच्छिक निवड करायचीच असेल तर आधी ग्रामसंघाकडून गटांची आणि सदस्यांची यादी मिळवा, क्रमांक घाला आणि चिठ्ठ्या टाका. नमुन्याच्या आकारासाठी पुष्कळ जण यामाने यांचं सूत्र छापतात. लोकसंख्या मोठी आणि चूक ५ टक्के धरली तर ते ४००च्या जवळ आकडा देतं. पान उलटलं की उत्तरदाते साठ! जे वापरलंच नाही ते सूत्र छापू नका.

आता उद्दिष्टं. तीन पुरेत, चार झाली तर फार झाली. कागदावर चार रकाने आखा: उद्दिष्ट, प्रश्नाचा क्रमांक, तक्त्याचा क्रमांक, निष्कर्ष. हे प्रश्नावली छापण्यापूर्वी करायचं. समजा, 'गटात आल्यावर उत्पन्नात झालेला बदल पाहणे' हे उद्दिष्ट आहे. मग गटात येण्यापूर्वीचं उत्पन्न विचारणारा प्रश्न हवाच. तो नसेल तर रकाना रिकामा दिसेल आणि प्रश्नावली वेळीच दुरुस्त होईल. याच कारणासाठी आठ-दहा जणींकडून प्रश्नावली आधी भरून घ्या. कर्जाच्या हप्त्यांची ती गोष्ट तेव्हाच कानावर आली असती आणि तिच्यासाठी रकाना करता आला असता.

विश्लेषणाच्या प्रकरणात तक्ता देऊन खाली तोच तक्ता वाक्यांत सांगण्याची सवय फार जुनी आहे. '५८.३३ टक्के महिला' वाचून काही हाती लागत नाही. साठ जणी असतील तर '६०पैकी ३५' लिहा, आणि उरलेल्या पंचवीस जणी वेगळ्या का, त्यावर दोन परिच्छेद खर्च करा. प्रश्नावलीच्या समासातल्या नोंदींची जागा तीच. काय-वर्ग चाचणी लावली असेल तर अपेक्षित वारंवारता बघा. बऱ्याच चौकटींत ती ५च्या खाली असेल तर त्या उत्तरावर भिस्त ठेवता येत नाही.

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे 'अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांनी अभ्यास केला' अशी यादी होऊन बसते. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचायला मिळतात. आपल्या विषयाजवळचे चार-पाच नीट वाचा आणि त्यांचं कुठे पटतं, कुठे एकमेकांशी जुळत नाही, तेवढं लिहा. उचललेला मजकूर आता लपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर ती देता येत नाही, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत, नाव देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. टायपिंगवाल्याकडे अहवाल जुन्या फॉन्टमध्ये होऊ देऊ नका, युनिकोडच मागा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिखल होतो आणि साधर्म्य तपासणीला तर ती वाचताच येत नाही. छापायच्या आदल्या रात्री हे कळलं तर शंभर पानं पुन्हा टाइप करावी लागतात.

निष्कर्ष लिहिताना चार रकान्यांचा तो कागद समोर ठेवा. उद्दिष्टाला उत्तर मिळालं नसेल तर तसं लिहा. शिफारशी आपल्या तक्त्यांतून निघतील तेवढ्याच करा. 'शासनाने जनजागृती करावी' हे साठ घरं न फिरताही सांगता आलं असतं. प्रस्तावना त्यानंतर, गोषवारा सगळ्यात शेवटी. भरलेल्या प्रश्नावल्या मौखिक परीक्षेला सोबत न्या आणि निकाल लागेपर्यंत रद्दीत घालू नका.