एचआयव्ही : चाचणी वेळेवर, औषध रोज

दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत दवाखाना भरतो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासायला रांग लागते. टेबलाच्या कडेला एचआयव्ही तपासणीची छोटी पेटी ठेवलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. रांग संपली, माणसे पांगली, की एखादी बाई पदर सावरत मागे राहते आणि हळूच विचारते, "सिस्टर, ती दुसरी तपासणी पण होते का इथं?"

अशीच एक ताई दोन वर्षांपूर्वी आली. वजन ३४ किलो, तोंडात पांढरे चट्टे, महिनाभराचा ताप. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. "टीबीनं गेला" असे घरात सगळे म्हणत. तिला शंका होती, पण चाचणी केली नाही. कारण विचारले तर म्हणाली, "कळलं असतं तर सासरच्यांनी घराबाहेर काढलं असतं. पोरीला घेऊन कुठं गेले असते?" आज ती रोज एक गोळी घेते. वजन ५१ किलो आहे, पुन्हा शिवणकाम करते. मुलीची चाचणी निगेटिव्ह आली. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने हे लिहीत आहोत, कारण ती चार वर्षे वाया जायला नको होती. औषध तेव्हाही मोफत होते आणि हाकेच्या अंतरावर होते. आडवी आली ती भीती आणि अपुरी माहिती.

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर हा धडा.

एचआयव्ही म्हणजे काय, एड्स म्हणजे काय?

एचआयव्ही हा विषाणू आहे. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या सीडी-४ नावाच्या पेशींमध्ये शिरून तो वाढतो आणि त्या हळूहळू नष्ट करतो. उपचार नसेल तर काही वर्षांत प्रतिकारशक्ती इतकी घटते की टीबी, न्यूमोनिया, तोंडातली बुरशी असे आजार शरीराला घेरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला नसतो, आणि वेळेवर औषध सुरू केले तर ती वेळ येतही नाही.

अडचण अशी की सुरुवातीची अनेक वर्षे माणूस ठणठणीत दिसतो. चेहरा बघून कुणाला एचआयव्ही आहे हे डॉक्टरही सांगू शकत नाही. रक्ताची चाचणी हाच एक मार्ग.

कसा पसरतो, कसा पसरत नाही?

पसरण्याचे मार्ग चारच. बाधित व्यक्तीशी निरोधशिवाय लैंगिक संबंध, बाधित रक्त, वापरलेली सुई किंवा सिरिंज, आणि बाधित आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून.

एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने, एकच संडास वापरल्याने, खोकल्या-शिंकण्याने एचआयव्ही होत नाही. बाधित आईने मुलाचा पापा घेतला तरी होत नाही. हे घरात मोठ्याने वाचून दाखवा.

निरोध प्रत्येक वेळी आणि नीट वापरला तर मोठे संरक्षण मिळते. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. इंजेक्शन देताना नवी सुई समोर फोडायला सांगा. जत्रेत गोंदवून घ्यायचे असेल तर तोच नियम. गुप्तरोग असेल, म्हणजे जखम, पू, घाण वासाचा स्राव, तर त्याचा उपचार आधी करा. अशा जखमांतून एचआयव्ही सहज शिरतो.

चाचणी कुणी करावी?

प्रत्येक गरोदर स्त्रीने, पहिल्याच तपासणीत. टीबी झालेल्या प्रत्येकाने. ज्यांचा जोडीदार बाधित आहे किंवा संशयास्पद आजाराने वारला आहे त्यांनी. कामासाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही. ज्यांना मनात शंका आहे त्यांनी तर नक्कीच. नुकत्याच लग्न झालेल्या मुलीने चाचणी करायची म्हटले तर तिच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. आमच्याकडे आलेल्या अनेक बायकांनी आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाचे तोंड पाहिलेले नव्हते.

चाचणी कशी होते?

आधी समुपदेशक तुमच्याशी एकट्याशी बोलते आणि तुमची संमती घेते. आमच्या दवाखान्यात बोटाला टोचून एक थेंब रक्त घेतो. वीस-तीस मिनिटांत कळते. ही पहिली चाळणी आहे. यात रेघ उमटली म्हणजे एचआयव्ही आहेच असे नाही. पक्के निदान करायला ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवतो. तिथे वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. सगळे मोफत. हवे तर आमच्यातली एकजण सोबत येते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. विषाणू शिरल्याबरोबर चाचणीत दिसत नाही. बहुतेकांच्या रक्तात तो तीन ते बारा आठवड्यांत सापडतो. या मधल्या काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि तरीही तो माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणून धोका घडून थोडेच दिवस झाले असतील तर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासा, तोवर निरोध वापरा. आणि फुकटात तपासणी होते म्हणून रक्तदान करू नका. त्या मधल्या काळातले रक्त दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

पॉझिटिव्ह आली तर?

आधी बसा, पाणी प्या, रडू आले तर रडा. मग एआरटी केंद्रात नाव नोंदवा. भारतात सरकारी एआरटी औषध १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळते. पूर्वी सीडी-४ खाली येण्याची वाट बघत. २०१७ पासून तो नियम गेला. निदान झाले की औषध सुरू.

आता बहुतेक प्रौढांना टीएलडी ही गोळी देतात. तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पहिले काही आठवडे मळमळ, डोकेदुखी, झोप न येणे असा त्रास काहींना होतो, तो बहुधा कमी होतो. त्रास झाला तर केंद्रात सांगा, मनाने गोळी बंद करू नका. बरे वाटायला लागले की लोक गोळी सोडतात, तिथेच घात होतो. विषाणू पुन्हा वाढतो आणि तेच औषध त्याच्यावर चालेनासे होण्याचा धोका असतो. रोज ठरावीक वेळ धरा. आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताईने रात्रीच्या बातम्यांची वेळ धरली आहे.

औषध लागू पडते की नाही हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, करून कळते. पहिली मोजणी सहा महिन्यांनी होते. नियमित औषधाने विषाणू इतके कमी होतात की मोजणीत सापडत नाहीत. ही स्थिती टिकून राहिली तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे जगभरच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. मात्र औषध थांबले की हे संरक्षणही संपते, आणि इतर गुप्तरोग टाळायला निरोध लागतोच.

खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यातले काहीही असेल तर टीबीची तपासणी ताबडतोब करा. एचआयव्ही असलेल्यांचा जीव घेण्यात टीबी सगळ्यात पुढे आहे. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या देतात.

कुणी जडीबुटीने एचआयव्ही मुळासकट घालवतो म्हणाला तर त्याला एक रुपया देऊ नका. तो पूर्ण काढणारे औषध आज बाजारात नाही. दाबून ठेवणारे उत्तम औषध आहे आणि ते फुकट आहे.

बाळ निरोगी होऊ शकते

काहीच उपाय केला नाही तर बाधित आईच्या शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईला वेळेवर औषध, बाळंतपण रुग्णालयात, बाळाला जन्मल्याबरोबर औषध, इतके केले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, वरचे दूध आणि अंगावरचे दूध अशी मिसळ करू नये, आणि आईची गोळी चुकू नये. बाळाची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात आणि शेवटची खात्री अठराव्या महिन्यात होते.

सुई टोचली तर : सफाई कामगारांसाठी

आपल्या कितीतरी घरांतली माणसे रुग्णालयात आणि कचरा गाडीवर काम करतात. एक मावशी आमच्याकडे पाचव्या दिवशी आली. कचऱ्याच्या पिशवीतली सुई हाताला टोचली होती. मुकादमाला सांगितले तर "हळद लाव" म्हणाला. आम्हाला काहीच देता आले नाही, कारण प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. नशिबाने तिची चाचणी निगेटिव्ह आली, पण ते तीन महिने तिने कसे काढले ते आम्ही पाहिले आहे.

सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. लगेच सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध मागा. दोन तासांत मिळाले तर उत्तम. ते २८ दिवस घ्यावे लागते. एका टोचणीतून लागण होण्याचा धोका हजारात तीन इतका कमी आहे, म्हणून घाबरून जाऊ नका, पण थांबूही नका. बलात्कार झालेल्या स्त्रीलाही हेच औषध मिळाले पाहिजे.

वेगळा पेला

एक कबुली द्यायची आहे. डिप्लोमा करून आम्ही नोकरीला लागलो त्या रुग्णालयात बाधितांच्या केसपेपरवर लाल शाईने खूण असे. खाट वॉर्डच्या टोकाला. आम्हीही हातमोज्यांवर हातमोजे घालून पाण्याचा पेला लांबून सरकवला. एका म्हाताऱ्या बाईने तो पेला हातात घेतला आणि म्हणाली, "पोरी, लहानपणी गावात आम्हाला असंच वरून पाणी वाढायचे." आम्ही मान खाली घातली. वेगळ्या पेल्याचा अर्थ ज्यांच्या आजी-आजोबांना माहीत होता, त्याच घरातल्या आम्ही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. तुमची माहिती गुप्त राहिली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलांना कुटुंबाच्या घरातून काढता येत नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करता येतो.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या जवळचे चाचणी केंद्र कुठे आहे? बसने किती वेळ लागतो?
२. वस्तीतल्या सफाई कामगारांना ७२ तासांची गोष्ट कोण सांगणार?
३. एखादी बहीण बाधित निघाली आणि तिला घराबाहेर काढले, तर त्या रात्री ती कुणाच्या घरी झोपेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाव घेऊन ठरवा. बोलायचे असेल आणि नाव सांगायचे नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. आणि आमच्याकडे याल तेव्हा रांग संपायची वाट बघू नका.