अभ्यासपाठ : पदवीच्या वाटेवरची माणसे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या अनेकांना तोंडपाठ असतात. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह तर आपल्या नाशिकचाच. पण त्या पदव्यांसाठी झटणारा तरुण काय खात होता, त्याच्या खोलीत कोण राहत होते, हे सहसा कोणी सांगत नाही. या पाठात तेवढेच पाहू.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. शिष्यवृत्ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची. पहिल्या वसतिगृहातले जेवण मानवेना, म्हणून जागा बदलली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी सोबती मिळाला. सुरुवातीचे काही महिने खेळण्याफिरण्यात गेले, मग मात्र अभ्यासाने पकड घेतली. शिष्यवृत्तीतूनच घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे, त्यामुळे खाण्यात काटकसर. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मात्र हात आखडत नसे.

परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. मला वाटते, हे काम ग्रंथालयाने केले नाही. एका टेबलावर जेवणाऱ्या माणसांनी केले.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते करारानुसार बडोद्यात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. नवलही पारशीच होता, हे येथे विसरू नये.

भीमराव एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. घराणे मूळचे ब्राह्मण. मित्राने सांगितले, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. भीमरावांना उत्तर समजले. मित्र मनाने मोकळा झाला होता, पण त्याच्या घरात जुनी शिवाशिव तशीच होती. पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबई गाठली. हा परिच्छेद मंडळीत मोठ्याने वाचावा. आपण तो सहसा वगळतो.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून त्यांनी थोडी शिल्लक टाकली. शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि घेणाऱ्याकडे तारण म्हणून काहीच नव्हते. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

तिथला दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाई, बहुधा दुपारच्या जेवणाशिवाय. खाणावळीचे जेवण तुटपुंजे. रात्री दहाच्या सुमारास भूक लागे, तेव्हा एका ओळखीच्या भारतीयाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचे. खोलीतला सोबती, आता झोप म्हणून सांगे. ते ऐकत नसत.

पैसे संपत आले की पत्र जाई ते नवलना. आपला त्रास होतो याचा संकोच त्या पत्रांत आहे, तरी मागणी स्पष्ट आहे. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस असे लिहीत नाही, मैत्रीतच लिहू शकतो.

ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला लावला. पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथेच बसून प्रबंध सुधारला आणि टपालाने लंडनला धाडला. त्याच वर्षी तो मान्य झाला.