चेंडू एक, झेलणारे चार

प्रश्न : मुलगा शिकायला अमेरिकेत गेल्यापासून आमच्या घरी अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल सामने लागतात. पास झेलणाऱ्या रिसीव्हरांची त्यांची २०१९ची फळी सर्वांत भारी होती, असं तो म्हणतो. पण विजेतेपद तर २०२०च्या हंगामात मिळालं! मग सरस फळी नक्की कुठली?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मुलाचं बरोबर आहे. जेरी ज्यूडी, हेन्री रग्ज, डेव्हॉन्टा स्मिथ आणि जेलन वॉडल असे चौघे एकाच संघात होते आणि पुढे चौघांचीही व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत निवड झाली. २०१९मध्ये त्यांनी मिळून ३७ टचडाउन पास झेलले.

घोळ होतो तो एकेकट्याचे आकडे बघताना. झेलणारे कितीही असले तरी चेंडू एकच असतो ना! स्मिथचंच घ्या. दोन्ही हंगामांत संघ तेरा-तेरा सामने खेळला. २०१९मध्ये स्मिथचे ६८ झेल आणि १२५६ यार्ड, २०२०मध्ये ११७ झेल, १८५६ यार्ड आणि २३ टचडाउन. त्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूचं हाइसमन पारितोषिकही मिळालं. १९९१च्या डेस्मंड हॉवर्डनंतर हा मान मिळवणारा तो पहिलाच रिसीव्हर. आता भागाकार करून बघा. २०१९मध्ये झेलामागे साडेअठरा यार्ड पडतात, २०२०मध्ये सोळासुद्धा नाहीत. ज्यूडी आणि रग्ज सोबत असताना एकट्या स्मिथवर दोन-दोन माणसं लावणं समोरच्या बचावाला परवडायचं नाही, त्यामुळे त्याला मोकळं रान मिळायचं. ते दोघे व्यावसायिक लीगमध्ये गेले, तसे त्याच्याकडे पास वाढले आणि पहाराही वाढला.

वॉडलची गोष्ट तर मला फार चटका लावून जाते. अख्ख्या २०१९मध्ये त्याचे ५६० यार्ड, कारण रांगेत तो चौथा. २०२०मध्ये पहिल्या चार सामन्यांतच ५५७! पाचव्या सामन्यात, टेनेसीविरुद्ध, पहिलीच किक घेऊन धावताना त्याचा घोटा मोडला आणि सगळा भार स्मिथवर आला.

राहिला विजेतेपदाचा प्रश्न. २०१९मध्ये अलाबामा दोनदा हरलं : लुइझियाना स्टेटकडून ४६-४१ आणि ऑबर्नकडून ४८-४५. एवढे गुण करूनही संघ हरत असेल, तर बोट झेलणाऱ्यांकडे दाखवता येत नाही. बचाव गळका होता. शिवाय ऑबर्नच्या सामन्याआधीच पास फेकणारा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ खुब्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला होता.

११ जानेवारी २०२१चा ओहायो स्टेटविरुद्धचा अंतिम सामना मिळाला तर मुलाबरोबर बसून जरूर पाहा. मध्यंतरापर्यंतच स्मिथने २१५ यार्ड आणि तीन टचडाउन केले होते. पण मधूनमधून वॉडलकडेही लक्ष ठेवा. घोटा पुरता सावरलेला नव्हता, पळून झालं की तो लंगडत परतायचा. तरी त्याने तीन पास झेलले.